गुणाची कोण?

आमच्या घरात व्यवस्थितपणा हा गुण एकट्या माझ्यात उतरलाय. हे मी नाही, सगळे म्हणतात! म्हणजे मी म्हणते आणि बाकीचे गप्प बसतात. स्वयंपाकघरातल्या डब्यांवर चिठ्ठ्या मी लावते, टॉवेलांच्या घड्या रंगाप्रमाणे मी रचते आणि दादाच्या मोज्यांच्या जोड्या जुळवून त्यांना रबरबँडही मीच लावते. दादा ते रबरबँड उडवत एक काळा आणि एक निळा मोजा घालून कामावर जातो, तो भाग वेगळा.

त्यामुळे नर्सची नोकरी लागली तेव्हा मला एकच काळजी होती, की बाकीच्यांना माझा वेग झेपेल का!

पहिले तीन महिने मला एका जुन्या सिस्टरांच्या मागे फिरायचं होतं. त्या थांबल्या की थांबायचं, त्या वळल्या की वळायचं. तीन महिने मी त्यांचं शेपूट होते. आणि त्या सोमवारी, सकाळच्या पाळीला, मला पहिल्यांदा चार पेशंट एकटीला मिळणार होते. पाळीची सुरुवात नीट जमली तर मी सुटले. नाही जमली तर आणखी दोन महिने शेपूट! निकाल देणार होत्या इन्चार्ज सिस्टर. ह्या बाई कधी ओरडत नाहीत. नुसत्या बघतात. बघितलं की समोरच्याला आपण लहानपणापासून केलेल्या सगळ्या चुका आठवतात.

मी तयारीला लागले. कागद उभा घडी घालून चार खाने, एका खान्यात एक पेशंट. औषधाला लाल पेन, तपासण्यांना निळं, खाण्यापिण्याला हिरवं आणि इतर सूचनांना जांभळं. रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर मी पट्टी घेऊन रेघा मारत बसले होते, तेवढ्यात आई आली.

"अगं, तुझ्या युनिफॉर्मचा खिसा खालून उसवलाय. दे इकडे, दोन टाके घालते."

"आई, प्लीज! मी प्लॅनिंग करतेय!"

आई गेली. दोन टाके आईच्या हातातच राहिले.

आता एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचा सगळा अनर्थ तिच्यापायी घडला. आमच्याकडे असा नियम आहे की स्वतःजवळच्या कागदावर पेशंटचं नाव लिहायचं नाही आणि खाटेचा नंबरही लिहायचा नाही. कागद कुठे पडला-झडला तर कोणाचं काय दुखतंय ते चारचौघांना कळता कामा नये. म्हणून सगळ्या जणी क, ख, ग असं काहीतरी लिहितात. पण 'ग' म्हणजे कोण हे ऐन घाईत कसं आठवणार? मी म्हटलं, आपण डोकं वापरू. आपण टोपणनावं देऊ! चौघींनाही मी आठवडाभर बघत होते, त्यामुळे नावं पटापट सुचली.

सोमवारी मी पावणेसातलाच हजर! रात्रपाळीची सिस्टर जांभया देत एकेका पेशंटची माहिती सांगू लागली आणि मी लिहू लागले. लाल, निळं, पुन्हा लाल, हिरवं. टोपणं काढतेय, टोपणं लावतेय! नंतर लक्षात आलं की मी ते सगळं हाताने ऐकलं, कानापर्यंत काही पोचलंच नव्हतं.

"सगळं कळलं ना?" तिने पर्स उचलत विचारलं.

"एक अक्षर सुटलं नाही!" मी म्हटलं. ते खरंही होतं.

ती घरी गेली. मी कागद खिशात घातला. तुम्ही हुशार आहात, पुढचं तुम्हाला कळलं असेल. मला कळायला वीस मिनिटं लागली.

साडेसातला मी ऐटीत खिशात हात घातला तर हात सरळ खाली गुडघ्याकडे बाहेर आला! दुसऱ्या हातात 'उपाशी' अशी पाटी होती. चौघींपैकी एकीची दहा वाजता पोटाची सोनोग्राफी होती, तिला काही खाऊ द्यायचं नव्हतं, आणि तिच्या खाटेला ही पाटी लावायची होती. कोणाच्या? ते हिरव्या पेनाने लिहिलं होतं.

फाइली होत्या की, तुम्ही म्हणाल. होत्या ना! डॉक्टरांच्या खोलीत, डॉक्टरांच्या पुढ्यात. तिथे जाऊन फाइल मागायची म्हणजे पहिल्याच दिवशी अर्ध्या तासात कागद हरवल्याची कबुली द्यायची. त्यापेक्षा शोधू, मिनिटभराचं काम! मी चादरींचं कपाट उपसलं. औषधांच्या ट्रॉलीखाली आडवी झाले. बाथरूममध्ये पाहिलं. कचऱ्याच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला. पाटी सगळीकडे माझ्याबरोबर होती.

इकडे वॉर्डात काय चाललं होतं ते मला नंतर साफसफाईच्या मावशींनी सांगितलं. कागद मावशींना खाटांमधल्या वाटेत झाडताना सापडला. चार रंगांत लिहिलेला, म्हणजे नक्की महत्त्वाचा! पण मावशींचा चष्मा घरी. पहिल्या खाटेवर आमच्या निवृत्त मुख्याध्यापिका, पाय प्लॅस्टरमध्ये, पण अधिकार शाबूत. त्या म्हणाल्या, "द्या इकडे." त्या असं म्हणाल्या की कोणीही काहीही देतं. आणि त्यांनी तो खणखणीत आवाजात वाचायला घेतला!

"महाराणी. दर पाच मिनिटांनी घंटा. नऊला चालवणे, तोपर्यंत हुकूम ऐकणे." बाईंनी चष्म्यावरून पलीकडे बघितलं. "ही तुम्ही दिसता, कंडक्टरबाई."

शेजारच्या खाटेवरच्या बसकंडक्टर ताई ताडकन उठून बसल्या. "मी? मी कधी घंटा वाजवली? माझी घंटा बसमध्ये असते! पुढचं वाचा!"

"रेडिओ. बंद होत नाही. गप्प बसवून मगच बीपी बघणे."

"बघा, ह्या तुम्ही!" ताई म्हणाल्या. "आम्ही काय बोलतो? परवा बसमध्ये एक माणूस चढला, तो मला म्हणाला, ताई, तुम्ही किती कमी बोलता, तर मी त्याला म्हटलं..." त्यापुढे त्या चार मिनिटं आपण किती कमी बोलतो ते सांगत होत्या.

"लोणी," बाईंनी पुढे वाचलं. "गोड बोलून गोळी उशीखाली लपवते. गिळेपर्यंत हलू नये."

तिसऱ्या खाटेवरच्या शिंपीणकाकूंनी उशी जरा जवळ ओढून घेतली. तेवढ्यात चौथ्या खाटेवरून आजींचा बारीक आवाज आला, "लोणी मीच असेन बाई. माझा नातू म्हणतो, आजीचे गाल लोण्यासारखे आहेत."

"हो हो आजी!" काकू म्हणाल्या. "लोणी तुम्हीच!"

मग आला शेवटचा खाना. "गुणाची. हिचा काही त्रास नाही. सगळ्या अशाच असत्या तर! सोनोग्राफी दहाला, तोपर्यंत उपाशी."

मावशी सांगत होत्या, बाईंनी कागद खाली ठेवला. आणि मग तिघी एकदम म्हणाल्या, "ही मी."

आता गुणाची व्हायचं तर उपाशी राहायला हवं, हे ओघाने आलंच. त्याच वेळी नाश्त्याची गाडी आली. नाश्तेवाल्याला कुठेच पाटी दिसेना. पाटी माझ्याबरोबर कचऱ्याच्या डब्यापाशी होती. त्याने चौघींसमोर ब्रेड, दूध आणि उकडलेलं अंडं ठेवलं आणि तो गेला. बाईंनी ताट बाजूला सारलं. ते बघून कंडक्टर ताईंनी आणखी लांब सारलं. काकू तर म्हणाल्या, "आजी, तुम्हीच घ्या हो माझं. मला काय, मी गुणाची!" मग बाकीच्या दोघींनीही आपापली अंडी आजींकडे पाठवली. आजींनी नको नको म्हटलं, पण त्यांच्या स्वभावात नाही म्हणणं बसतच नाही. म्हणून तर मी त्यांचं नाव ठेवलं होतं 'गुणाची'!

मी परत आले तेव्हा पावणेआठ होत होते. केस विस्कटलेले, हाताला कसला तरी वास. म्हटलं, आता लाज सोडू आणि सरळ विचारू.

"ऐका हो सगळ्या! डॉक्टरांनी उपाशी राहायला कोणाला सांगितलंय?"

तीन हात वर!

"अहो, एकीलाच सांगितलंय!"

"मलाच," बाई म्हणाल्या.

"मघापासून पाण्याचा थेंब घेतला नाही मी! गुणाची आहे म्हणून!" कंडक्टर ताई म्हणाल्या.

"सिस्टर, तुमच्यासारखी गोड पोरगी खोटं लिहिणार नाही. मीच ना ती?" काकू म्हणाल्या.

गुणाची? हा शब्द ह्यांना कसा माहीत? तेव्हा मला बाईंच्या हातातला कागद दिसला. चार रंगांचा, पट्टीने आखलेला. आणि चौथ्या खाटेवर आजी बसल्या होत्या, हात वर न करता, कारण हातात ब्रेड होता.

"आजी," मी कसंबसं म्हटलं, "काही खाल्लंत का हो?"

"तीन अंडी खाल्ली, पोरी. एक नातवासाठी बांधून ठेवलंय."

त्यांच्या उशाशी कापडी पिशवी होती, काठोकाठ भरलेली, वर नाडीची गाठ मारलेली. सोनोग्राफी चांगली आली तर आज घरी सोडू, असं डॉक्टर त्यांना म्हणाले होते. आजींनी पहाटेच उठून सामान भरलं होतं. मला त्या क्षणी तिथेच खाटेखाली शिरून दोन महिने तिथेच राहावंसं वाटलं.

मागे दार वाजलं. मी वळून बघितलंच नाही. बाईंनी कागद लांबवला आणि म्हणाल्या, "बरं झालं आलात. यातली गुणाची कोण, याचा लेखी खुलासा हवा."

इन्चार्ज सिस्टरांनी कागद घेतला. एकदा वाचला. मग चारी खाटांकडे एकेकदा बघितलं, आणि सरळ आजींपाशी जाऊन त्यांचा हात हातात घेतला. "आजी, सोनोग्राफी उद्या करू. आमची चूक झाली."

आमची! मला रडू फुटायचं बाकी होतं, ते फुटलं.

"असू दे ग," आजी म्हणाल्या, "उद्या जाईन. घरी सून एकच अंडं देते."

मग मी चौघींची माफी मागितली. बाई म्हणाल्या, "अक्षर सुंदर आहे. मजकुरात मात्र नापास." कंडक्टर ताईंनी एका वाक्यात माफ केलं आणि पुढची पंधरा वाक्यं का माफ केलं ते सांगितलं. त्यांचं बीपी इतकं चढलं होतं की डॉक्टरांना येऊन बघावं लागलं. काकूंनी पर्समधून सुईदोरा काढला, "ये ग राणी, खिसा शिवून देते," म्हणाल्या आणि उभ्या उभ्या दोन टाके घातले. त्या मायेने मला इतकं भरून आलं की त्यांची गोळी उशीखाली गेली ते मला दुपारी कळलं!

साडेआठला मला टेबलापाशी बोलावणं आलं. कागद टेबलावर उलगडलेला होता. सगळ्यात खाली जांभळ्या शाईत एक ओळ होती. मुख्याध्यापिकांनीही ती मोठ्याने वाचली नव्हती. मी ती विसरूनच गेले होते.

"तोफ," इन्चार्ज सिस्टरांनी वाचलं. "आठला येते. तोपर्यंत आवरून घेणे." त्यांनी वर बघितलं. "मी पावणेआठला येते. ते तरी बरोबर लिहायचं."

"हो सिस्टर."

"नावं मात्र अगदी बरोबर दिली आहेस. चारही. तेच वाईट आहे."

"हो सिस्टर."

"रंग चार वापरलेस. आजींकडे एकदा तरी बघून विचारलंस का, सकाळी काय सांगितलंय म्हणून?"

मी खिशातल्या चारही पेनांची टोपणं घट्ट बसवली.

"दोन महिने अजून," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी स्वतःच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि त्यावर काहीतरी लिहिलं. आम्ही त्या वेळी चौघी नव्या होतो, आणि नियम म्हणजे नियम, त्यांच्याही कागदावर कोणाचं नाव नव्हतं. पण मला उलट्या बाजूने वाचता आलं. वेंधळी. उर्मट. रडकी. बरी. एकाखाली एक! 'दोन महिने' कोणत्या ओळीसमोर लिहिलं ते त्यांच्या अंगठ्याखाली गेलं.

मी बाहेर आले. आता खरं सांगते, दोन महिन्यांचं दुःख एकीकडेच राहिलं. मी कोणती? 'बरी' तर नक्कीच नाही. मग वेंधळी? की उर्मट? सकाळच्या तिघींनी उपास का धरला, ते मला तेव्हा समजलं. तिसऱ्या नावाचा तर मला भयंकर राग आला. तीन महिन्यांत मी रडले तरी किती वेळा? पहिल्या इंजेक्शनला, पहिल्या रजेच्या अर्जाला आणि अधूनमधून जिन्यात. ह्याला काय रडणं म्हणतात?

व्हरांड्यात मावशी फरशी पुसत होत्या. मी त्यांना गाठलं.

"मावशी, खरं सांगा हं. मी... मी रडकी आहे का हो?"

मावशींनी फडकं बादलीत टाकलं, हात पुसले आणि पदराला बांधलेला एक रुमाल सोडून माझ्यापुढे धरला.

"आधी डोळे पूस, पोरी. तुझाच आहे. सकाळी कागदाच्या शेजारीच पडला होता."