मृगाजिनाचं टेस्टिंग

माझ्या संसारातल्या बहुतेक भानगडी 'ते मी बघतो' या तीन शब्दांपासून सुरू झाल्या आहेत. ही भानगडही तशीच सुरू झाली.

आमच्या ओजसच्या मुंजीचं ठरलं आणि पुण्याहून सासऱ्यांचा व्हिडिओ कॉल आला. मुहूर्तावर बोलणं झालं, जेवणावर झालं, आणि फोन ठेवता ठेवता अप्पा म्हणाले, "एकच हौस राहिली हो. माझ्या मुंजीत मी मृगाजिनावर बसलो होतो. नातवाच्या नशिबी सतरंजी! सिंगापुरात कुठलं आलंय हरणाचं कातडं?"

आता, लग्न झाल्यापासून मी अप्पांना पसंत पडायचा प्रयत्न करतो आहे. (त्यांच्या मनात मधुवंतीसाठी एक डॉक्टर होता. त्याचे केस अजून किती दाट आहेत हे ते दर दिवाळीला सांगतात.) अशी संधी पुन्हा येणार नव्हती. मी ताडकन म्हणालो, "अप्पा, मृगाजिनाची काळजी सोडा. ते मी बघतो!"

शेजारी बसलेल्या मधुवंतीने कपाळाला हात लावला.

पण या वेळी माझ्याकडे खरोखर योजना होती. आमच्या ऑफिसात सायमन नावाचा न्यूझीलंडचा माणूस आहे. आपल्याकडे लोक म्हशी पाळतात तशी त्याचा भाऊ हरणं पाळतो. सायमन सुट्टीवरून परतताना सगळे परवाने रीतसर काढून एक अख्खं कातडं घेऊन आला. मी भर लॉबीत त्याला मिठी मारली. मग खोकं उघडलं आणि कळलं की ते कच्चं होतं! बर्फात गोठवलेलं, आतून चरबी तशीच.

"सॉल्ट इट फास्ट, मेट," सायमन म्हणाला. "या हवेत हेअर विल स्लिप."

म्हणजे असं की, उष्ण दमट हवेत कच्च्या कातड्यात जंतू माजतात, केसांची मुळं सैल होतात आणि झुपकेच्या झुपके हातात येतात. (ऐकता ऐकता माझा हात डोक्याकडे गेला. माझे केस कुठल्याही जंतूच्या मदतीशिवाय सुटत आले आहेत. नोव्हेनाच्या केसांच्या स्पेशालिस्टनेही हात टेकले.) उपाय एकच. आतली चरबी खरवडायची, त्या बाजूला भरपूर मीठ चोळायचं, पाणी निथळू द्यायचं, पुन्हा मीठ चोळायचं आणि कातडं थंड, कोरड्या जागी वाळवायचं.

मी टॅम्पिनीसच्या सुपरमार्केटातलं मीठ ट्रॉलीत भरलं. काउंटरवरच्या आंटीने डोळे मोठे केले. "अंकल, यू ओपन रेस्टॉरंट आह?"

"नो नो. फॉर स्किन."

आंटीने माझ्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. "ॲलोवेरा ट्राय लाह. चीपर."

घरी मधुवंती स्वयंपाकघराच्या दारात आडवी उभी होती. "माझं एक भांडं जरी त्याला लागलं ना, तर मी ओजसला घेऊन अप्पांकडे जाईन आणि मुंज तिथेच करेन." म्हणून मी बाथरूममध्ये बसून भिंतीचा रंग खरवडायच्या पट्टीने काम उरकलं. आमच्या घराण्यात ऑम्लेटच्या पुढे कोणी गेलेलं नाही, आणि इथे मी हरणाची चरबी काढत होतो! वास असह्य होता, पाठ मोडून आली होती. पण खरं सांगतो, इतका आनंद मला शेवटच्या प्रमोशनलाही झाला नव्हता.

पुढचा प्रश्न थंड, कोरड्या जागेचा. भाड्याच्या फ्लॅटमध्ये तशी जागा एकच होती: आमची एसीवाली बेडरूम.

"म्हणजे हरीण एसीत आणि आम्ही हॉलमध्ये पंख्याखाली?" मधुवंतीने विचारलं.

"अगं, ते मेलेलं आहे. त्याला जपायला नको?"

"मग मी मेल्यावर लावणार का माझ्यासाठी एसी?"

मी एसीचा रिमोट शोधायला लागलो. (अनुभवाने माणूस एवढं तरी शिकतो.)

आता माझा व्यवसाय सांगायला हवा. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगचा मॅनेजर आहे. एखादी गोष्ट चालू आहे एवढ्यावर आमचा विश्वास बसत नाही. ती चालू आहे का, हे आम्ही पुनःपुन्हा बघतो. सायमनने सांगितलं होतं की केस हलकेच ओढून पाहायचा, सुटला नाही तर कातडं पक्कं. झालं! मी मृगाजिनाच्या बरोबर मधोमध पिवळं स्टिकर लावलं, त्यावर बाण काढला आणि घरात जाहीर केलं, "टेस्टिंग इथेच करायचं. येता-जाता प्रत्येकाने एकेक केस ओढायचा. हलकेच!"

कातडं झकास वाळत गेलं. सोनेरी, तुकतुकीत! शेजारच्या रोकिया आंटींना मी मुद्दाम बोलावून केस ओढायला लावला. त्यांनी ओढला, "स्ट्राँग, स्ट्राँग," म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी मुलीला घेऊन आल्या.

मग अप्पा आणि सासूबाई आले. सासूबाईंनी दारातच विचारलं, "हरीण कशाने गेलं हो?"

"वृद्धापकाळाने," मी म्हणालो. "शांतपणे. झोपेत."

अप्पा मात्र तडक बेडरूममध्ये गेले. मृगाजिनावरून त्यांनी हात फिरवला आणि त्यांचे डोळे लहान मुलासारखे चमकले. "वा! वा, प्रबोधराव!" त्यांच्या तोंडून निघालेला हा पहिला 'राव', ज्यात टोमणा नव्हता.

"ओढून बघा ना अप्पा!"

त्यांनी ओढला. केस हलला नाही. अप्पा खूश होऊन म्हणाले, "पक्कं आहे!" आणि मी जग जिंकलं.

मुंजीच्या आदल्या दिवशी दुपारी बेडरूममधून ओजसची आरोळी आली, "बाबा! कम क्विक! द डिअर ऑल्सो बोटाक ऑलरेडी!"

बोटाक म्हणजे टक्कल. हा शब्द तो शाळेत शिकला आणि घरी उदाहरण असल्यामुळे विसरला नाही.

मी धावलो. मृगाजिनाच्या मधोमध, स्टिकरच्या भोवती, ताटलीएवढं टक्कल! उद्या अप्पांचा नातू अशा कातड्यावर बसणार आणि अप्पांना तो डॉक्टर आठवणार. मी एसी सोळावर नेला, उरलंसुरलं मीठ ओतलं, सायमनला फोन लावला.

"वास येतोय? पोटाकडचे केस सुटतायत?" त्याने विचारलं. "स्लिप झालं तर तिथून सुरुवात होते."

वास नव्हता. पोटाकडचे केस घट्ट होते. टकलावर बारीक खुंट दिसत होते; म्हणजे केस मुळातून सुटले नव्हते, मध्येच तुटले होते.

"मेट," सायमन म्हणाला, "हरणाचा केस आतून पोकळ असतो. फार ओढला तर तुटतो. कोण ओढतंय?"

मी घरातल्या सगळ्यांना बोलावलं.

"मी फक्त अंघोळीच्या आधी," सासूबाई म्हणाल्या. "आणि नंतर."

"मी बेडरूम कधी परत मिळते ते बघायला," मधुवंती म्हणाली. "म्हणजे दिवसभर."

"माय फ्रेंड्स ओन्ली लाह," ओजस म्हणाला. "होल क्लास कम."

अप्पा खिडकीबाहेर बघत पुटपुटले, "हाताला सवय लागते हो."

"अहो, पण एकाच जागी!" मी ओरडलो.

सगळ्यांनी फक्त माझ्या पिवळ्या स्टिकरकडे पाहिलं.

संध्याकाळी पासिर रिसहून पद्माकर गुरुजी तयारी बघायला आले. (सोमवार ते शुक्रवार ते एका बँकेचा डेटाबेस सांभाळतात, शनिवार-रविवार आमची पापं.) त्यांनी मृगाजिन निरखलं. "एवढं मोठं कशाला आणलंत? बोटभर तुकडा पुरतो. तोही नसेल तर दर्भ चालतो."

मधुवंती हसत सुटली. मी बसलोच. गुरुजींना बहुधा दया आली. "पण सुंदर आहे हो. मधोमध गेलंय ना? मुलगा मधोमधच बसतो."

आणि तसंच झालं! ब्लॉकखालच्या व्हॉइड डेकवर, म्हणजे मोकळ्या तळमजल्यावर, मंत्र सुरू झाले, ओजस बरोबर त्या टकलावर बसला आणि चारही बाजूंनी सोनेरी केस झळकू लागले. न्हाव्यासमोर तो रडेल अशी आम्हाला धास्ती होती. पण गडी शांत होता. "बाबा अँड डिअर ऑल्सो सेम, नेव्हर माइंड लाह," म्हणाला. अप्पांनी उपरण्याने डोळे पुसले. मला तर नाचावंसं वाटत होतं.

समारंभ आटोपल्यावर मी अप्पांच्या पाया पडायला वाकलो. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "प्रबोधराव, जिंकलंत," ते म्हणाले. "माझी हौस पुरी केलीत." मी डोळे मिटले. इतक्या वर्षांनी! आणि तेवढ्यात सवयीने त्यांच्या चिमटीने माझा एक केस हलकेच ओढला.

अप्पांनी तो उजेडात धरला, मुळापर्यंत नीट पाहिला आणि सासूबाईंकडे वळून हळहळत म्हणाले, "यांना मीठ लावायला उशीर झाला."