किल्लीवाल्याचा कबुलीजबाब

किल्लीवाल्याला दुकानाच्या दाराबाहेर पकडलं तेव्हा त्याच्या खांद्यावर बायकोची कापडी पिशवी होती, पिशवीत सामान होतं आणि सामानाची पावती नव्हती. रखवालदार थोड्या वेळापूर्वीच त्याच्याशी दोन शब्द बोलून गेला होता. मग आतून मॅनेजर ओरडला, "धर त्याला!" आणि रखवालदाराने परत येऊन त्याचा दंड धरला. किल्लीवाल्याला वाटलं, आपली काहीतरी वस्तू आत राहिली असेल. म्हणून तो "थँक्यू" म्हणाला.

"बघा, वर चेष्टा करतोय!" मॅनेजर म्हणाला आणि त्याने पोलिसांना फोन लावला.

झालं होतं ते असं. इतकी वर्षं खरेदीला दोघं जायची. ती पुढे, पिशवी घेऊन हा मागे. ती बोट दाखवायची, हा पिशवीत टाकायचा. रांगेपाशी आलं की ती याच्या खांद्यावरून पिशवी काढून घ्यायची आणि म्हणायची, "तुम्ही बाहेर उभे राहा." कारण एकदा याने भर रांगेत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं होतं, की या गल्ल्याचं कुलूप केसांच्या पिनेनेसुद्धा उघडेल. त्या दिवसापासून त्याची नेमणूक दाराबाहेर. आज तो बऱ्याच महिन्यांनी आला होता आणि एकटा आला होता. रांग आली, तसा तो सवयीने बाहेर गेला. पिशवी काढून घ्यायला कोणी नव्हतं, म्हणून ती खांद्यावरच राहिली.

पोलीस ठाण्यात हवालदाराने जबाब लिहायला घेतला.

"काका, धंदा काय?"

"कुलुपं उघडतो."

हवालदाराचं पेन थांबलं. "कोणाची?"

"कोणाचीही."

"घरात माणसं असताना?"

"माणसं असताना कशाला बोलावतील? घर रिकामंच असतं."

"आणि खिशात हे काय वाजतंय?"

खिशात रोजच्या कामाच्या आकड्या, पातळ पट्ट्या आणि एक कानस होती. त्याने त्या टेबलावर ओळीने मांडल्या आणि कशाने काय उघडतं ते एकेक करून समजावून सांगितलं. इतकं लक्ष देऊन त्याचं बोलणं कितीतरी दिवसांत कोणी ऐकलं नव्हतं, त्यामुळे तो खुलला. हवालदाराच्या मागच्या लोखंडी कपाटाकडे बोट दाखवून म्हणाला, "तुमच्या ह्या कपाटाला तर आकडीसुद्धा लागणार नाही. नुसतं हलवलं तरी पुरे. काय ठेवता त्यात?"

"मुद्देमाल," हवालदार म्हणाला आणि खुर्ची मागे सरकवून कपाटाला पाठ लावून बसला.

"सामान तुम्ही उचललं?"

"हो. चूक झाली."

"पैसे न देता बाहेर आलात?"

"आलो. माझीच चूक."

"याआधी असं कधी केलंय?"

"माझं हे कायमचंच आहे, साहेब."

खरं म्हणजे तो चोरीबद्दल बोलतच नव्हता. संसारात त्याला एक गोष्ट पक्की कळली होती, की आरोप पुरता ऐकून घेण्याआधीच मान्य करावा. खटला लांबला की जेवण लांबतं. ही सवय अंगात इतकी मुरली होती, की कोणी जरा आवाज चढवून बोललं की त्याच्या तोंडून आपोआप "चुकलं माझं" निघायचं.

हवालदाराने पिशवी टेबलावर रिकामी केली. गुडघ्याला चोळायचं मलम, बिनसाखरेची बिस्किटं, पावडरचा डबा आणि केसांच्या पिनांचं एक पाकीट.

"दरोडा मोठा आहे," हवालदार म्हणाला. मग किल्लीवाल्याच्या टकलाकडे बघून त्याने विचारलं, "पिना कशाला?"

तेवढ्यात तक्रार द्यायला सोबत आलेला मॅनेजर उठून उभाच राहिला. "साहेब, हाच तो! मागे आमच्या रांगेत म्हणाला होता, गल्ला पिनेने उघडतो म्हणून! हा तयारीने आला होता!"

"म्हणाला होतात?"

"म्हणालो होतो," किल्लीवाला म्हणाला. "चूक झाली."

"थांबा!" दारातून आवाज आला. "आता एक शब्दही बोलू नका."

काळा कोट हातावर टाकून एक तरुण बाई धापा टाकत आत आली. वकील परवडत नाही त्यांना सरकारकडून मिळतो तो वकील म्हणजे ती. तिने त्याला कोपऱ्यातल्या बाकावर नेलं.

"काका, तुमच्यावर आरोप काय आहे, माहितीये?"

"नाही. पण मान्य आहे."

वकीलबाईने कपाळावर हात मारला. "आधी आरोप समजून घ्यायचा असतो! तो तुमचा हक्क आहे. आणि तुम्हाला गप्प बसण्याचाही हक्क आहे."

किल्लीवाल्याने यावर बराच विचार केला. "हा हक्क नवीन निघाला का?"

"खूप जुना आहे."

"आमच्या घरापर्यंत नाही पोचला. मी गप्प बसलो की ही म्हणायची, बघा, तोंड उघडत नाहीत, म्हणजे नक्की काहीतरी केलंय."

"म्हणूनच तर कायद्यात लिहावं लागलं. गप्प बसणं म्हणजे कबुली नव्हे." ती खाली बसली. "आरोप चोरीचा आहे. नुसती वस्तू घेतली म्हणजे चोरी होत नाही. घेताना मनात खोट असावी लागते. आणि ती होती हे त्यांनी सिद्ध करायचं. तुम्ही मात्र त्यांचं निम्मं काम बसल्या जागी करून दिलंत."

"शिक्षा काय होईल?"

"पहिलाच गुन्हा, वस्तू किरकोळ. बहुतेक दंडावर भागेल."

"मग भरतो की दंड! दुकान उघडायचंय मला."

"काका, दंड भरला की विषय संपत नाही. एकदा दोषी ठरलात की चोर हा शिक्का नावावर राहतो. कोणी चौकशी केली की तो वर येतो. मला सांगा, चोरीची शिक्षा झालेल्या माणसाकडे घराची किल्ली बनवायला कोण देईल?"

बाक टणक आहे हे किल्लीवाल्याला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं. त्याच्या दुकानात भिंतभर खिळे होते आणि खिळ्यांना अर्ध्या गल्लीच्या जादा किल्ल्या टांगलेल्या होत्या. शाळेतल्या बाईंची, दातांच्या डॉक्टरची, रोज किल्ली विसरणाऱ्या शिंप्याची. लोक निर्धास्त ठेवून जायचे. कोणती कोणाची हे कळावं म्हणून बायकोने प्रत्येकीला वेगळ्या रंगाचा दोरा बांधला होता. उद्या लोक येतील, आपापला रंग ओळखतील, किल्ली काढून नेतील आणि भिंतीवर नुसते खिळे राहतील.

"मी चोरी नाही केली," तो म्हणाला. हे वाक्य त्याच्या तोंडाला इतकं नवीन होतं, की नीट म्हटलं की नाही याची त्यालाच शंका आली.

"शाब्बास! आता सांगा, बाहेर आल्यावर पळाला का नाहीत? दारापाशी उभे का राहिलात?"

किल्लीवाला वरच्या पंख्याकडे बघू लागला.

"काका?"

"गप्प बसायचा हक्क आहे म्हणालात ना?"

"माझ्यासमोर नाही!"

पण तो काही बोलेना. शेवटी तिने साक्षीला आणलेल्या रखवालदारालाच विचारलं, "हे पळत होते का?"

"छे, पळतायत कुठले!" रखवालदार म्हणाला. "दाराला टेकून उभे होते. मी म्हटलं, कोणाची वाट बघताय काका? तर म्हणाले, बायकोची. आत रांगेत आहे, येईलच. मी म्हटलं, मग सावलीत तरी उभे राहा. तेवढ्यात आमच्या साहेबांनी हाक मारली."

"मग काकू कुठे आहेत?" हवालदाराने विचारलं.

किल्लीवाला टेबलाशी गेला आणि मांडलेल्या आकड्या पुन्हा सरळ करू लागला. "नाही ती," तो म्हणाला. "हिवाळ्याच्या आधीच गेली."

मॅनेजर मलमाकडे, बिस्किटांकडे, पिनांकडे बघत राहिला. मग त्याने सगळं एकेक करून पिशवीत परत भरलं.

"अहो, मग हे मला का नाही सांगितलंत?" वकीलबाई म्हणाली. "न केलेलं सगळं कबूल केलंत आणि सुटायचा एकच मुद्दा दडवून ठेवलात!"

"लाज वाटली. चोर म्हटलं तर लोकांना निदान कळतं तरी. पण नसलेल्या बायकोची दारात वाट बघणारा म्हणजे..." तो थांबला. "मुलगी आधीच म्हणते, बाबा, तुमचं हल्ली लक्ष नसतं, दुकान बंद करा."

मॅनेजर घसा साफ करत म्हणाला, "माझी काही तक्रार नाही, साहेब. फक्त यांनी आमच्या गल्ल्याला चांगलं कुलूप बसवून द्यावं." हवालदाराने मागे वळून आपल्या कपाटाकडे एकदा बघितलं, पण तो सरकारी माणूस होता, काही बोलला नाही.

इतक्यात ठाण्यातून फोन गेल्यामुळे मुलगी आली. आवाज थेट आईचा.

"बाबा! काय करून बसलात? चूक तुमचीच असणार!"

किल्लीवाल्याचं तोंड सवयीने उघडलं. 'हो' अगदी ओठावर आलं होतं. त्याने ते गिळलं आणि ताठ उभा राहिला. "वकिलाशी बोलल्याशिवाय मी काही सांगणार नाही."

"सकाळच्या गोळ्या घेतल्यात?"

त्याने वकीलबाईकडे बघितलं.

"हे कबूल करून टाका, काका," ती हळूच म्हणाली. "यात मी नाही पडणार."

"नाही घेतल्या," किल्लीवाला म्हणाला आणि शिक्षा तिथल्या तिथे ठोठावण्यात आली. दुकान चालू राहील, पण खरेदीला एकट्याने जायचं नाही. दर रविवारी मुलगी सोबत येणार.

रविवारी ती आली. ती पुढे, पिशवी घेऊन हा मागे. रांगेपाशी तिने त्याच्या खांद्यावरून पिशवी काढून घेतली. गल्ल्यावरचं नवं कुलूप बघून त्याने तोंड उघडलं मात्र, तिने डोळे वटारले. "बाबा, तुम्ही बाहेर उभे राहा."

तो बाहेर येऊन दाराला टेकला. रखवालदाराने त्याला ओळखलं.

"काय काका, आज कोणाची वाट बघताय?"

"मुलीची. आत रांगेत आहे, येईलच."

"नक्की?"

किल्लीवाल्याने मान वळवून काचेतून आत बघितलं. ती रांगेत होती आणि सुट्ट्या पैशांवरून हुज्जत घालत होती.

"नक्की," तो म्हणाला.