तीन खट्ट म्हणजे थांबा

मी चौथी नापास. पण गेली त्रेचाळीस वर्षं आमची गाडी मीच चालवतेय, तीही चाकाला बोट न लावता! चाक यांच्या हातात, तोंड माझं. "अहो, वळा!" "अहो, लाल आहे!" "अहो, कुत्रं!" यांनी उभा जन्म बेकरीचे पाव पोचवले. एक पाव कधी चेपला नाही!

अलीकडे हे जरा विसरतात. चहा पिऊन कप खाली ठेवतात आणि विचारतात, "चहा नाही का आज?" कुठे वळायचं ते सांगावं, तर वळण येईपर्यंत डोक्यातून गेलेलं. डॉक्टर म्हणाले, "सुरुवात आहे, फार नाही. पण गाडी चालवणं जमतंय का, ते रस्त्यावर तपासून घेऊ." थोरल्याने लगेच हुकूम सोडला, "नापास झाले तर किल्ली माझ्याकडे!"

किल्ली! सकाळी डोळे उघडायच्या आधी यांचा हात उशीखाली किल्ली चाचपतो. ती गेली तर हा माणूस खुर्चीत बसल्या बसल्या विरून जाईल.

म्हणून मी डोकं लढवलं. माझ्या जुन्या पर्सला पितळी चाप आहे. मिटला की खट्ट! एक खट्ट डावीकडे, दोन उजवीकडे, तीन म्हणजे थांबा. आठवडाभर जेवणाच्या टेबलाशी सराव केला. मी पर्स वाजवायची, यांनी हातातलं ताट वळवायचं. एकदाही चुकले नाहीत!

परीक्षेच्या दिवशी परीक्षक बाई यांच्या शेजारी बसल्या. वय माझ्या धाकटीएवढं, आठ्या मात्र सासूच्या. "आजी, तुम्ही मागे बसा. पण एक शब्द बोलायचा नाही."

"मी? मी कशाला बोलतेय!"

निघालो. "पुढच्या चौकात उजवीकडे," बाई म्हणाल्या. चौक आला, यांची नजर आरशातून माझ्यावर. खट्ट खट्ट. वहीचं पान उलटावं तसे अलगद वळले! माझी छाती फुगली.

"आता सरळ," म्हणत बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि पेन मिटलं.

खट्ट!

हे डावीकडे वळले, ते थेट गाड्या धुण्याच्या आवारात! नळीवाल्याने खिडकीतून बाईंना कागदांसकट आंघोळ घातली.

"आजोबा! मी सरळ म्हणाले होते!"

"हो हो, सरळ," म्हणत यांनी गाडी कशीबशी बाहेर काढली. मी पुढे वाकून पाहिलं. बाईंच्या हातात खटक्याचं पेन होतं! आणि बाई घाबरल्या की ते दाबत होत्या. दोन खट्ट, हे उजवीकडे. तीन खट्ट, भर रस्त्यात उभे! मागे हॉर्नचा नुसता गोंधळ. बाई जितक्या घाबरल्या तितकं पेन वाजलं, आणि जितकं पेन वाजलं तितकी गाडी नागिणीसारखी वळवळली!

"बाई, ते पेन..."

"आजी, एक शब्द नाही!"

पुढे उतार होता. उताराच्या टोकाला रस्ता ओलांडायचे पट्टे, आणि पट्ट्यांवर काठी टेकत निघालेले एक म्हातारबाबा. यांची नजर अजून आरशातच! मी चाप दाबला. आवाज नाही. चापात माझा रुमाल अडकलेला! पुन्हा दाबला. आवाज नाही. बाबा मधोमध पोचले.

"अहो, थांबाऽऽ!"

गाडी थांबली. चार बोटं अंतर राहिलं. बाबांनी बॉनेटवर काठी आपटली, दोन शिव्या दिल्या आणि गेले.

बाईंनी गाडी कडेला घ्यायला लावली. मग हळूच विचारलं, "आजोबा, समोरचा माणूस दिसला नाही?"

"हिने सांगितलं नव्हतं ना," हे म्हणाले.

त्रेचाळीस वर्षांत पहिल्यांदा मी स्वतःच तोंडावर पदर धरला! मग यांनीच किल्ली काढली, आणि बाईंना नाही, मागे वळून माझ्या हातात दिली. "तू ठेव. माझ्याकडून हरवेल कुठेतरी."

गाडी न्यायला थोरला येणार होता. आम्ही बसने निघालो. शेजारच्या सीटवरच्या एका बाईला मी सांगत बसले, की आमच्या यांच्यासारखा हात साऱ्या गावात नाही, ते पेनच मेलं आडवं आलं!

तेवढ्यात हे म्हणाले, "अगं, आपला थांबा गेला की मागे!"

मी दचकून पर्स तीनदा वाजवली. यांचा उजवा पाय धाडकन बसच्या फळीवर आपटला.

बस काही थांबली नाही.