गोट्याची टोपी, लांब्याचे टाके

आधी ऐक तर खरं, मधे मधे बोलू नकोस. आपला लांब्या आणि गोट्या माहितीयेत ना, लष्कराच्या मेडिकल कॉलेजातले? एका खोलीत राहणारे, एका ताटात जेवणारे. दोघांनाही सर्जनच व्हायचं होतं, आणि सर्जरीच्या रेसिडेन्सीची, म्हणजे पुढच्या शिक्षणाची, जागा होती एक. एकच! जो मागे राहील त्याची रवानगी कुठल्यातरी डोंगरावरच्या ठाण्यावर, सर्दी-खोकल्याच्या गोळ्या वाटायला. तिथे काही वर्षं काढली की हात गंजतात म्हणे.

लांब्याचे हात म्हणजे सोनं, पण गप्प बसतील तर शपथ! टाक्याच्या गाठींचा सराव चालायचा कशावरही. खाटेच्या पायावर, दाराच्या कडीवर, गोट्याच्या बुटांच्या नाड्यांवर. एकदा गोट्या परेडला निघाला तो एकमेकांना बांधलेले बूट घालून, आणि पहिल्याच पावलाला आडवा. हवालदार म्हणाला, "साहेब, शत्रू सीमेपलीकडे असतो म्हणतात. तुमचा तर खोलीतच दिसतोय."

गोट्याच्या हातून मात्र चहाचा कपसुद्धा निसटायचा. पण त्याची बायको पोटुशी होती, इथेच गावात. जागा मिळाली तर बाळाजवळ राहता येणार, नाहीतर बाळ चालायला लागल्यावरच भेट. त्यामुळे तोही हट्टाला पेटलेला.

आता, जागा कोणाला द्यायची ते ठरणार सर्जरीच्या मोठ्या सरांच्या शब्दावर. उमेदवारांनी त्यांच्या हाताखाली काम करायचं आणि त्यांनी पारखायचं. पण ऑपरेशन थिएटरमध्ये सगळ्यांच्या तोंडाला मास्क, म्हणून प्रत्येकाच्या टोपीवर पुढे नावाची पट्टी. सर चेहरा बघायचेच नाहीत, कपाळ वाचायचे. आणि टेबलापाशी त्यांना एकच उत्तर चालायचं, "हो सर."

त्या दिवशी पहाटेपासून गोट्याला ताप आणि उलट्या. लष्करात एक गंमत आहे बघ, आजारी पडायचं तरी आधी हजेरीला कळवावं लागतं. नाही कळवलं तर तो आजार नाही, गैरहजेरी.

"मी सांगतो सरांना, तू पड," लांब्या म्हणाला.

"नक्की सांग हं. नाहीतर चौकशी लागेल मागे."

त्याला पाणी पाजण्यात, बादली धुण्यात लांब्याला उशीर झाला. खुंटीवरची टोपी ओढली आणि पळाला. ओढली ती गोट्याची!

थिएटरमध्ये सरांनी कपाळ वाचलं आणि गोट्याच्या आडनावाने हाक मारली, "ये, इथे उभा राहा."

"सर, मी तो—"

"बोलायचं नाही. हे धर."

"हो सर."

"आणि तो दुसरा कुठाय?"

"सर, तो आजारी आहे, म्हणजे मी—"

"आजारी की आळशी? हजेरीच्या आत कळवायला काय झालं होतं? सिस्टर, गैरहजर लावा त्याला."

असा लांब्या स्वतःच्या डोळ्यांदेखत गैरहजर झाला. हर्नियाचं ऑपरेशन होतं. मध्येच रक्त यायला लागलं. सर म्हणाले, "टाका घाल," आणि लांब्याच्या हातांनी जे काय केलं, सिस्टर अजून सांगते. सर चक्क गुणगुणायला लागले. "असे हात किती वर्षांत पाहिले नाहीत," म्हणाले. कपाळाकडे बघून म्हणाले!

बाहेर आल्यावर लांब्या त्यांच्या मागे धावला, पण अर्ध्यावर थबकला. आता खरं सांगायचं म्हणजे गोट्या गैरहजर आणि आपण तोतये. तसाच परतला.

"सांगितलंस ना?" गोट्याने पांघरुणातून विचारलं.

"सांगणार होतो."

"मग?"

"तू आज फार सुंदर काम केलंस रे."

सगळं ऐकून गोट्या तापातच उठून बसला. "मी जाऊन खरं सांगतो."

"गप पड. बाळ यायचंय तुझं. चौकशी लागली तर जागा गेली."

"आणि तुझी?"

लांब्या मच्छरदाणीच्या दोरीला गाठी मारत राहिला.

दुसऱ्या दिवशी लांब्या अंघोळीला गेला तेवढ्यात हा गोट्या लटपटत सरांच्या केबिनमध्ये. "सर, काल मी नव्हतोच. ते हात त्याचे होते. जागा त्याला द्या." सर एवढंच म्हणाले, "बरं. जा." आणि हे त्याने लांब्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर भांडण झालं असतं ना!

मग सरांनी लांब्याला बोलावलं.

"काल कुठे होतास?"

"खोलीवर, सर. झोपलो होतो."

"नीट आठवून सांग. माझ्या टेबलापाशी कोण होतं?"

"तो होता, सर. फार चांगले हात आहेत त्याचे."

स्वतःच्याच हातांचं कौतुक, आणि तेही दुसऱ्याच्या नावावर! सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "जा," म्हणाले.

निकाल लागला. जागा गोट्याला!

गोट्या तसाच पळत केबिनवर. "सर, मी सगळं सांगितलं होतं ना तुम्हाला!"

"सांगितलंस, म्हणूनच. हात मी शिकवीन. पण ऑपरेशन बिघडलं तर तोंड वर करून 'बिघडलं' म्हणणारा माणूस मला हवा. तो आज मित्रासाठी खोटं बोलला, उद्या माझ्यासाठी बोलेल. मला भीती वाटते तसल्या माणसाची."

"तो माझ्यासाठी बोलला, सर."

"माहितीये मला," सर म्हणाले, आणि खिडकीकडे वळले.

लांब्याचा ट्रक निघाला तेव्हा गोट्या लहान पोरासारखा रडत होता. लांब्या वरून म्हणाला, "बाळाला माझं नाव देऊ नकोस हं. लोकांना वाटेल पुन्हा टोप्यांची अदलाबदल झाली." एकटा हसला. मग ट्रकच्या कडेची दोरी सुटली होती, ती बांधत बसला.

बाळ झालं, तिथल्याच हॉस्पिटलात. त्या वेळी गोट्या पलीकडच्याच थिएटरमध्ये सरांच्या शिव्या खात होता. त्याने लांब्याला फोन केला. लांब्या म्हणाला, "मजेत आहे रे. इथली माणसं इतकी धडधाकट, कुणी धड पडतसुद्धा नाही. टाका घालून किती दिवस झाले कुणास ठाऊक." फोन ठेवल्यावर गोट्या जेवला नाही.

आता मला सांग, एकाने खरं बोलून मित्राची जागा घालवली, दुसऱ्याने खोटं बोलून स्वतःची. तू तिथे असतास, आणि सरांनी चष्म्यावरून बघत तुला विचारलं असतं, "काल कुठे होतास?" तर तू काय सांगितलं असतंस?