आधी चाटा, मग बोला

आमच्या न्हावऱ्यात आप्पांसमोर खोकायची सोय नव्हती. लग्नात, मयतीला, एसटीच्या थांब्यावर, कुठंही कुणी खोकलं की आप्पांचा हात बंडीच्या खिशात जाई. एका खिशात चूर्णाची डबी, दुसऱ्यात मधाची बाटली. समोरचा काही म्हणायच्या आत ते म्हणत, “आधी चाटा, मग बोला.”

एकदा शिरूरच्या गाडीत कंडक्टरलाच ठसका लागला.

“आप्पा, तिकिटाचं बोला.”

“तिकीट कुठं पळतंय? खोकला छातीतला हाय. चाटा.”

कंडक्टरनं चाटलं, तेव्हाच आप्पांनी पैसे काढले.

आप्पा आमचे शेजारी. दोन घरांत मिळून एकच भिंत. चूर्ण सितोपलादि, घरीच केलेलं. मी कारेगावला एका कारखान्यात हिशेब बघायचो, त्यामुळं त्यातलं प्रमाण मला फार आवडायचं. दालचिनी एक भाग, वेलदोडा तिच्या दुप्पट, पिंपळी त्याच्या दुप्पट, मग वंशलोचन आणि शेवटी खडीसाखर, तीही दुपटीनंच. मी बेरीज करून म्हणालो, “आप्पा, निम्म्याहून जास्त साखरच की हो ही.”

“मग? कडू बोलायला तुम्ही हायेच की.”

हा खटाटोप मुळात सोनाकाकूंसाठी, म्हणजे आप्पांच्या बायकोसाठी. काकूंना दमा होता. थंडीत पहाटे भिंतीपलीकडं त्यांचा खोकला सुरू झाला, की आमच्याकडं चहाचं आधण चढे, आणि मी चहा घेऊन तिकडं जाई. आप्पा खलबत्त्यात कुटत. मग काकूंच्या जुन्या लुगड्याचा तुकडा घेऊन दोघं समोरासमोर बसत. दोन टोकं आप्पांच्या हातात, दोन काकूंच्या, खाली परात. कापड हलकं हलवलं की पिठासारखं चूर्ण खाली झिरपे. भांडणही ठरलेलं.

“भरड पडतंय. चाळणाऱ्यानं नीट चाळावं.”

“कुटणाऱ्यानं नीट कुटावं,” काकू म्हणत. पुढचं बोलायला त्यांना दम पुरत नसे, आणि आप्पा जिंकल्यासारखे माझ्याकडं बघत.

एका हिवाळ्यात काकूंना दौंडच्या दवाखान्यात हलवलं. आप्पांनी डबी बरोबर नेली होती. पण काकूंच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. त्यांना चाटता आलं नाही. काकू तिथंच गेल्या. दहावं झाल्यावर आप्पांनी मला डबी उघडून दाखवली. शिगोशीग भरलेली होती.

चूर्ण करणं मात्र थांबलं नाही. आता लुगड्याची दोन टोकं ते खाटेच्या खुरांना बांधत. खाट काही हलत नसे, चूर्ण भरड पडे, आणि आप्पा खाटेला म्हणत, “नीट चाळावं.” लोक हसत. गावाच्या घशात आता चूर्णाचे कण टोचत, पण नाही कोण म्हणणार?

माझी बायको म्हणाली, “आप्पा, मी धरते की टोकं.”

“नगं सूनबाई. तुमाला पोरांचं डबं हाईत.”

पुढच्या थंडीत पहाटे भिंतीपलीकडून खोकला ऐकू आला. मी अर्धवट झोपेत म्हणालो, “काकूंना त्रास होतोय वाटतं.” बायकोनं उठून चहाचं आधण चढवलं. मग माझी झोप उडाली.

खोकत होते आप्पा. चांगले आठवडाभर. मी सकाळी गेलो, तर ते खाटेपुढं चाळत बसले होते. डबी शेजारीच. मी ती त्यांच्यापुढं धरली.

“आधी चाटा, मग बोला.”

त्यांनी मान फिरवली. “ऱ्हाऊ द्या. घरात कुणी खोकत न्हवतं, तवा भिंती खायला उठायच्या. आता जरा बरं वाटतंय.”

रागवावं, डॉक्टरकडं चला म्हणावं, असं बरंच मनात आलं. मी खाटेच्या गाठी सोडल्या, दोन टोकं धरली आणि समोर बसलो. हे काम मी कधी केलेलं नव्हतं. कापडाला हिसके बसू लागले.

“भरड पडतंय,” आप्पांना राहवलं नाही. “चाळणाऱ्यानं नीट चाळावं.”

“कुटणाऱ्यानं नीट कुटावं,” मी म्हणालो.

त्यांचे हात थांबले. माझ्या हातातल्या टोकांकडं त्यांनी बघितलं. मग परातीतलं चिमूटभर चूर्ण तळहातावर घेतलं, त्यावर मध ओतला आणि चाटलं.

“एवढी साखर घातली, तरी कडू झालंय,” आप्पा म्हणाले.