शिंपीण सिस्टरची कंपनी आणि वाघाचा कान

एका जंगलात एक शिंपीण राहत होती. शिंपीण म्हणजे पानं शिवून घरटं करते ना, ती चिमणीपेक्षाही चिमुकली पाखरीण. कळलं? मग नाकातलं बोट काढा आणि नीट ऐका.

ही शिंपीण घुबड डॉक्टरांकडे बारा वर्षं नर्स होती. डॉक्टर दिवसभर झोपत आणि पेशंट दिवसाच येत. त्यामुळे तपासायची ती, औषध द्यायची ती, टाके घालायची तीच. नाव मात्र डॉक्टरांचं व्हायचं. शेवटी एक दिवस तिने चिंचेखाली स्वतःचा दवाखाना थाटला. बाभळीचा काटा ही सुई आणि कोळ्याचं जाळं हा दोरा. हात इतका हलका, की टाके घालून झाले तरी ससा डोळे मिटून विचारायचा, "सिस्टर, सुरू कधी करताय?"

सगळं छान चाललं होतं. म्हणजे आता काहीतरी बिघडणार, हे तुम्ही ओळखलंच असेल.

एकदा वाघोजीरावांचा कान भांडणात फाटला. सिस्टरने सात टाके घातले आणि बजावलं, "आठ दिवस कान हलवू नका." पण माशी बसल्यावर कान हलवणार नाही तो वाघ कसला? कान जुळला, पण जरासा वाकडा.

वाघ गरजला, "पौर्णिमेपर्यंत कान सरळ झाला नाही, तर तुझी मान वाकडी करीन!"

आता शिंपिणीची मान ती केवढी? तुमच्या करंगळीएवढीसुद्धा नाही. पण तिला तेवढी एकच होती. तिच्या तोंडचं पाणी पळालं.

ती तडक तळ्यावर गेली. तिथे कासवराव सल्लागार राहत. काहीही झालं की डोकं आत घ्यायचं, या एका विद्येवर त्यांनी दीडशे वर्षं काढली होती.

"कंपनी काढा," कासवराव म्हणाले. "मर्यादित जबाबदारीची. म्हणजे टाके तुम्ही घालायचे, पण घातले कंपनीने. चुकलं तर धरायचं कंपनीला. तुमच्या मानेला कुणी हात लावायचा नाही."

"पण ही कंपनी असते कुठे?"

"कायद्याने ती स्वतंत्र व्यक्ती असते. फक्त दिसत नाही."

"म्हणजे भुतासारखी?"

"छे! भुताला शिक्का नसतो."

मग पळसाच्या पानांवर तीन प्रतींत अर्ज झाला. नर्सच्या दवाखान्याला कागदोपत्री एक डॉक्टर लागतो, असं कासवरावांनी नियम दाखवून सांगितलं. घुबड डॉक्टरांनी झोपेतच पंजा उमटवून दिला. त्यांना त्याची सवय होती. पाटी लागली, 'शिंपीण आणि मंडळी शुश्रूषा मर्यादित'. मंडळी कोण, ते विचारू नका. आणि कंपनी ही व्यक्ती म्हटल्यावर तिला बसायला नको का? म्हणून चिंचेखाली एक रिकामी खुर्ची मांडली, तिला झेंडूचा हार घातला.

पौर्णिमेच्या सकाळी वाघ आला. कान अजून वाकडाच होता.

"कुणी शिवला हा?"

"कंपनीने," सिस्टर कशीबशी म्हणाली.

"कुठाय ती?"

"त्या खुर्चीत बसलीय."

वाघाने खुर्चीसमोर डरकाळी फोडली. खुर्ची पळाली नाही. वाघ चक्रावला. त्याने कानाची तक्रार सांगितली. खुर्चीने मध्ये तोंड घातलं नाही. मग त्याने वाघीण त्याला कशी हसते ते सांगितलं. मग धाकट्या भावाने लाटलेली गुहा निघाली, मग पार लहानपण निघालं. दुपार झाली तेव्हा त्याने शेपटीने डोळे पुसले.

"जन्मात पहिल्यांदा कुणी माझं पूर्ण ऐकून घेतलं," तो म्हणाला. "बाकीचे पहिल्या वाक्यालाच पळतात. उत्तम दवाखाना आहे!"

सिस्टरची मान वाचली. ती आनंदाने तीनदा गिरकी घेऊन आली आणि बघते तर काय, खुर्चीपुढे ही रांग! ससा पाय चिरून घेऊन आला होता. सिस्टर सुई घेऊन पुढे झाली, तर म्हणतो कसा, "तुम्ही राहू द्या हो. आम्हाला कंपनीच तपासू दे. वाघाला गुण आलाय." त्याने खुर्चीला सगळं सांगितलं आणि लंगडत, समाधानाने घरी गेला.

मग कासवरावांनी सभा बोलावली. "आजवर जी काही चूक झाली, ती टाके घालताना झाली. तेव्हा टाकेच बंद करावेत. कुणाची हरकत?"

खुर्चीने हरकत घेतली नाही. ठराव एकमताने पास झाला.

सिस्टरला खुर्ची पुसायचं काम मिळालं. तिला फार वाईट वाटलं. मान शाबूत होती, पण ती वर करून कुणाकडे बघावंसं वाटेना.

असे काही दिवस गेले आणि वाघाच्या पंजात काटा रुतला. तो तीन दिवस खुर्चीला काट्याबद्दल सांगत होता. खुर्चीने फारच छान ऐकून घेतलं. चौथ्या दिवशी पंजा भोपळ्याएवढा झाला.

सिस्टर चिंचेमागे झाडू घेऊन बसली होती. तिथे वाघ हळूच, इकडेतिकडे बघत आला.

"सिस्टर," तो कुजबुजला, "जरा बघता का? कंपनीला कळू देऊ नका."

सिस्टरने पंखाखालून सुई काढली. तिने ती टाकून दिलीच नव्हती.

"दुखेल, वाघोजीराव. आणि ओरडायचं नाही."

"पण चुकलं तर?" वाघ रडवेला झाला. "चुकलं तर धरायचं कुणाला?"

सिस्टर थरथरत होती, पण सुई थरथरत नव्हती. तिने आपली करंगळीहून बारीक मान त्याच्यापुढे केली.

"ही घ्या," ती म्हणाली. "आता पंजा द्या."

काटा निघाला. वाघ झोपला. त्याच संध्याकाळी कंपनीने विनापरवानगी बरं केल्याबद्दल सिस्टरला काढून टाकलं. दुसऱ्या दिवशी तिने शेजारच्या जांभळीखाली दवाखाना मांडला, पाटीशिवाय.

तात्पर्य: ज्याच्या हातात सुई असते, त्याच्याच हातून चूक होते. म्हणून बाळांनो, मोठेपणी सुई धरू नका, खुर्ची व्हा. फक्त पायात काटा मोडला तर जांभळीखाली जा.