वेलिच्कोला जाऊन एक वर्ष झालं

दोन्काच्या वडिलांचं, म्हणजे मिन्को म्हाताऱ्याचं, वर्षश्राद्ध शनिवारवर येऊन ठेपलं होतं आणि शुक्रवारची संध्याकाळ झाली तरी इमारतीच्या दारावर शोकपत्रक लागलेलं नव्हतं. गाब्रोवो शहरात माणूस गेला की त्याचा फोटो छापून दारावर लावतात, वर्षाला पुन्हा लावतात, आणि जे लावत नाहीत त्यांच्याबद्दल लोक काय बोलतात ते न सांगितलेलंच बरं. त्यातून दोन्काची आई स्तामेना सकाळच्या बसने गावाहून येणार होती. दुकानातून छापून आणू, असं दोन्का आठवडाभर सांगत होती. पण तिचा नवरा वेलिच्को पडला अस्सल गाब्रोवोकर, म्हणजे पैसा सुटता सुटत नाही असा. घरात प्रिंटर असताना दुकानदाराची भर कशाला करायची, असं म्हणून त्याने हे काम अंगावर घेतलं. या जावयाच्या हातात पाना दिला की नळ गळायचा थांबत नाही आणि वर पाना हरवतो, असं सासरा हयातीत म्हणायचा. त्याच सासऱ्याचा कागद आपल्या हाताने छापून दाखवायचा, ही वेलिच्कोची जिद्द होती.

"आधी एखादा कागद काढून बघ," श्राद्धाला लोकांना वाटायचे गहू शिजवता शिजवता दोन्का म्हणाली. "पण बाबांचा नको. वाकडातिकडा आला तर टाकायचा कुठे? गेलेल्या माणसाचा चेहरा काही कचऱ्यात टाकत नाहीत."

मुद्दा बिनतोड होता. वेलिच्कोने सासऱ्याचा फोटो काढून तिथे आपला घातला, हातात भला थोरला मासा धरलेला. नावही आपलंच टाकलं. 'आपल्यातून जाऊन एक वर्ष झालं' ही वरची ओळ तशीच राहिली. खाली सासऱ्याचे गुण होते, तिथे त्याने स्वतःचे लिहिले: सोशिक नवरा, घरातली प्रत्येक वस्तू स्वतःच्या हाताने दुरुस्त करणारा. आपलं कौतुक दुसरं कोणी करील याची वाट बघण्यात अर्थ नव्हता.

त्याने छापायचा हुकूम दिला. प्रिंटर ढिम्म हलेना. पुन्हा दिला. मग माणूस लिफ्टचं बटण दाबतो तसं तो ते दाबतच सुटला. शेवटी त्याने इंटरनेटला शरण जाऊन उपाय शोधला. कॉम्प्युटरमधली छपाईची सर्व्हिस अडकली असावी. ती बंद करा, रांगेतले कागद काढून टाका, प्रिंटर काढून पुन्हा जोडा आणि सर्व्हिस चालू करा, असं तिथे लिहिलं होतं. आपणच पाठवलेले कागद आपणच कशाला काढायचे, म्हणून ती पायरी त्याने गाळली. प्रिंटर जोडताना एकाच नावाचे दोन दिसले, त्यातला त्याने वरचा घेतला. सर्व्हिस चालू होताच सगळे कागद व्यवस्थित छापून झाल्याचं कॉम्प्युटरने कळवलं. टेबलावरच्या प्रिंटरला त्याचा पत्ताच नव्हता. वेलिच्कोने दोघांनाही शिव्या घातल्या आणि सकाळी मुकाट्याने दुकान गाठायचं ठरवलं.

दुसरा प्रिंटर होता तळमजल्यावर, इमारतीची कारभारीण गिन्काबाई हिच्या घरी. गेल्या हिवाळ्यात वेलिच्कोनेच तिला आपल्यासारखा घ्यायला लावला होता आणि आपल्याच वायफायवर जोडून दिला होता. कागद आले की मी चिकटवते, असा शब्द तिने दोन्काला दिलेलाच होता. त्यामुळे घरबसल्या कागद यायला लागले तेव्हा तिला त्याचं कौतुकच वाटलं. वाचून बघायला तिच्याकडे चष्मा नव्हता; तो दुरुस्तीला वेलिच्कोकडेच पडला होता. तिने खळ घेतली आणि दारावर, बेकरीवर, बसथांब्यावर, वाटेतल्या प्रत्येक झाडावर कागद संपेपर्यंत चिकटवले.

सकाळी वेलिच्को खाली उतरला तेव्हा शेजारचा त्सांको दारापाशी वेलिच्कोच्याच फोटोसमोर टोपी काढून उभा होता.

"वर्ष झालं म्हणे," त्सांको वळून न बघताच म्हणाला. "तरीच माझं ड्रिल परत आलं नाही."

वेलिच्को पुढे होऊन कागद फाडायला लागला तसा त्सांकोने त्याचा हात धरला. "मेलेल्याचा कागद फाडू नये."

"अरे, हा मीच आहे."

"कोणी का असेना," त्सांको म्हणाला.

एवढ्यात, असे कागद बसथांब्यावरही लागतात आणि सासू बसनेच येतेय, हे वेलिच्कोला आठवलं आणि तो धावत सुटला. उशीर झाला होता. स्तामेना बसमधून उतरून कागदासमोर उभी होती आणि आईला घ्यायला आलेली दोन्का रस्ता ओलांडत होती. वेलिच्को जवळच्या झाडाआड झाला. त्या झाडावरही तोच होता.

"मला का सांगितलं नाहीस गं?" स्तामेना लेकीला म्हणाली. "तुझ्या बाबांच्या पाठोपाठच गेला ना? तरीच वर्षभर माझ्याकडे फिरकला नाही. आणि तू आपली फोनवर सांगायचीस, झोपलाय, मासे धरायला गेलाय. मला दोन दुःखं एकदम नकोत म्हणून एकटीने सोसलंस."

दोन्काने तेव्हा कुठे कागद पाहिला आणि ती तो वरपासून खालपर्यंत वाचायला लागली.

स्तामेना बाकावर बसून रडायला लागली. "छप्पर गळायला लागलं की मी त्याला शिव्या मोजायचे. तो बिचारा मातीत, आणि मी शिव्या देतेय." तिने पिशवीतून राकियाची, म्हणजे फळांच्या दारूची, बाटली काढली आणि रीतीप्रमाणे थोडी जमिनीवर ओतली. "देव त्याला क्षमा करो. हातात कसब नव्हतं, पण मनाने सोनं होता."

लग्न झाल्यापासून सासूच्या तोंडून चांगला शब्द वेलिच्को पहिल्यांदाच ऐकत होता. त्याचे डोळे भरून आले. वर्षभर चुकवलेल्या एकेका खेपेची त्याला लाज वाटली आणि तो झाडाआडून बाहेर आला.

"आई, मी आहे."

स्तामेनाने आधी बाटलीचं झाकण घट्ट लावलं. मग त्याला आपादमस्तक न्याहाळलं.

"जिवंत आहेस?"

"हो."

"मग वर्षभर का आला नाहीस?"

वेलिच्कोने खूप विचार केला. बाकीची कारणं फोनवर वापरून झाली होती आणि तिला पटलेलं एकुलतं एक कारण आत्ताच हातचं गेलं होतं.

मिन्को म्हाताऱ्याचं शोकपत्रक शेवटी गिन्काबाईच्याच प्रिंटरवर छापलं आणि गहू वाटायच्या आत दारावर लागलं. स्तामेनाने जावयाचा एक कागद मात्र नखाने हलकेच सोडवला आणि घडी घालून पिशवीत ठेवला. तो त्याने परत मागितला तेव्हा ती म्हणाली, "इथे छापलंय, प्रत्येक वस्तू स्वतःच्या हाताने दुरुस्त करणारा. उद्या शिडी घेऊन ये."

शिडी त्सांकोकडे होती. मेलेल्या माणसाला आपण उसनं काही देत नाही, असं सांगून त्याने दार लावून घेतलं.